अनुक्रमणिका हाताने टाईप करू नका हो!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात पाण्यापासून पार्किंगपर्यंत सगळ्यावर पत्रं येतात, पण अनुक्रमणिकेवर आलेलं मी तरी कधी वाचलं नाही, तेव्हा हे छापाल का नाही देव जाणे, पण लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. माझं पेठेत टायपिंग-डीटीपीचं छोटं दुकान आहे, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक स्पायरलचं मशीन, बस. सुरुवात केली तेव्हा मराठी टाइपरायटरवर कार्बन लावून चार-चार प्रती काढायचे, आता सगळं वर्डमध्ये. कामं म्हणाल तर पीएचडीचे प्रबंध, इंजिनिअरिंगवाल्या पोरांची ब्लॅक बुकं म्हणजे प्रोजेक्टचे रिपोर्ट, कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकसाठीचे अहवाल आणि अधूनमधून एखाद्या आजोबांनी हौसेने लिहिलेला कुलवृत्तांत. म्हणजे सगळी जाडजूड कामं.

तर या जाडजूड कामांत सगळ्यात जास्त रात्री कशात जातात माहितीये? मजकुरात नाही, तक्त्यांत नाही, अनुक्रमणिकेत. लोक चारशे पानं लिहितात आणि मग शेवटच्या रात्री पहिल्या पानावर बसून 'प्रकरण दुसरे' टाईप करतात, पुढे टिंबं, टिंबं, टिंबं, आणि मग खाली स्क्रोल करून बघतात की ते प्रकरण कितव्या पानावर आलंय, आणि तो आकडा हाताने घालतात. टिंबांच्या रांगा उजवीकडे सरळ येत नाहीत म्हणून एक स्पेस इकडे एक स्पेस तिकडे. एवढं करून मार्गदर्शक एक परिच्छेद वाढवायला सांगतात, की पुढचे सगळे आकडे चुकले. पुन्हा पहिल्यापासून.

परवाच एक सर आले, मराठवाड्यातल्या एका कॉलेजात शिकवतात, इतिहासाचा प्रबंध, चारशेच्या वर पानं, सात प्रकरणं. गुरुवारी संध्याकाळी सातला आले, सोमवारी सबमिशन. प्रतीवर त्यांच्या गाईडने लाल पेनने लिहिलेलं, की प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला त्या त्या प्रकरणाचा अनुक्रम द्यावा, तक्ते, नकाशे आणि छायाचित्रं यांच्या याद्या स्वतंत्र द्याव्यात, आणि परिशिष्टांची वेगळी. मोजा तुम्हीच. मुख्य एक, प्रकरणांच्या सात, याद्या तीन, परिशिष्टांची एक, एकूण बारा. सर खुर्चीत बसले ते म्हणाले, मॅडम, एक रात्र बसू, मी पानं वाचत जातो, तुम्ही आकडे घालत जा.

मी म्हटलं सर, आकडा एकही घालायचा नाही.

आता गाईड चुकीचं सांगत होते असं अजिबात नाही बरं का. मोठ्या पुस्तकाला एकच दार पुरत नाही. आपल्याकडे अभंगांच्या गाथेत बघा, पुढे विषयवार अनुक्रमणिका असते आणि मागे अभंगाच्या पहिल्या शब्दांवरून अकारविल्ह्याने सूची, कारण कुणाला विषय आठवतो आणि कुणाला नुसती सुरुवातीची ओळ आठवते. नॅकच्या अहवालाचं घ्या, त्यात निकष ७, आणि कॉलेजात प्रत्येक निकष वेगळ्या सरांच्या गळ्यात बांधलेला असतो, ज्या सरांकडे तिसरा आहे त्यांना बाकीच्या सहांशी घेणंदेणं नसतं, त्यांना फक्त त्यांच्या भागात काय कुठे आहे ते एका पानावर हवं असतं. आणि प्रबंधांच्या बाबतीत तर अजून एक कारण आहे. यूजीसीच्या २००९ च्या नियमांपासून प्रबंधाची डिजिटल प्रत द्यावी लागते, ती जाते 'शोधगंगा'वर, म्हणजे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राच्या प्रबंधांच्या साईटवर, आणि तिथे अख्खा प्रबंध एका फाईलमध्ये चढत नाही, मुखपृष्ठ वेगळं, प्रमाणपत्र वेगळं, प्रत्येक प्रकरणाची पीडीएफ वेगळी. आता कुणी फक्त चौथं प्रकरण उघडलं तर त्याच्या समोर थेट पान १८७ येतं, मुख्य अनुक्रमणिका दुसऱ्याच फाईलमध्ये राहिलेली, बिचारा चाचपडत बसतो. त्या प्रकरणाच्या डोक्यावर त्याचा स्वतःचा अनुक्रम असेल तर त्याला निदान कळतं की पुढच्या पन्नास पानांत काय वाढून ठेवलंय. तेव्हा मागणी रास्त आहे. माझी तक्रार एवढीच की मागणी करणारे गाईड आणि करून देणारा विद्यार्थी, दोघांनाही हे कॉम्प्युटर स्वतः करतो हे ठाऊक नसतं.

कॉम्प्युटर करतो कसं, तर त्याला शीर्षक कुठलं आणि मजकूर कुठला हे आधी सांगावं लागतं. आपण काय करतो, शीर्षक सिलेक्ट करतो, ठळक करतो, साईज १८ करतो, मधोमध आणतो. आपल्या डोळ्याला ते शीर्षक दिसतं, वर्डच्या लेखी तो नुसता जाड अक्षरातला मजकूर. त्याला सांगायची पद्धत म्हणजे स्टाईल. होम टॅबवर वरच हेडिंग वन, हेडिंग टू, हेडिंग थ्री अशी बटणं असतात, प्रकरणाच्या नावाला वन, आतल्या मुद्द्याला टू, उपमुद्द्याला थ्री. झालं. मग ते दिसायला कसं हवं ते स्टाईलवर राइट क्लिक करून मॉडिफायमध्ये एकदाच ठरवायचं, चाळीस शीर्षकं एका फटक्यात बदलतात. सरांच्या फाईलला हे लावायलाच मला तीन तास लागले, कारण सगळं हाताने ठळक केलेलं, आणि 'प्रकरण तिसरे' एका ओळीत, एंटर, आणि प्रकरणाचं नाव खालच्या ओळीत. असं केलं की वर्डला ती दोन शीर्षकं वाटतात आणि अनुक्रमणिकेत दोन नोंदी येतात, तिथे एंटरऐवजी शिफ्ट धरून एंटर मारायचा, म्हणजे दिसायला दोन ओळी पण शीर्षक एकच राहतं.

मराठीवाल्यांची यात एक जास्तीची पीडा आहे ती सांगते, कारण यावरून माझ्याकडे कितीतरी लोक वैतागून आलेत. युनिकोड मराठीत, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरला मराठी म्हणूनच ओळखता येणाऱ्या अक्षरांत, हेडिंगचा साईज वाढवला आणि अक्षर हललंच नाही, असं होतं. कारण वर्ड देवनागरीला 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' समजतो आणि तिचा फॉन्ट, ठळकपणा, साईज हे सगळं फॉन्टच्या खिडकीत वेगळ्या रकान्यात असतं, आपण बदलतो इंग्रजीचं. आणि दुसरी पीडा श्रीलिपी, कृतिदेव वगैरे जुन्या फॉन्टांची. त्यात मराठी दिसते पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच भरलेली असतात, मग अनुक्रमणिका आपोआप बनवली की ती आपल्या स्वतःच्या स्टाईलचा फॉन्ट लावते आणि समोर येतो चित्रविचित्र चिन्हांचा खच. लोकांना वाटतं फाईल करप्ट झाली. करप्ट काही नसतं, टीओसी म्हणजे टेबल ऑफ कन्टेन्ट्स, तिच्या टीओसी वन, टीओसी टू या स्टाईलींना तोच मराठी फॉन्ट लावला की अक्षरं जागेवर येतात. पण खरं सांगू का, प्रबंध आज सुरू करत असाल तर युनिकोडमध्येच करा, नाहीतर पुढे शोधगंगेवरच्या पीडीएफमध्ये एकही मराठी शब्द सर्च होणार नाही.

एकदा स्टाईली लागल्या की पहिली अनुक्रमणिका म्हणजे रेफरन्सेस टॅब, टेबल ऑफ कन्टेन्ट्स, आणि खाली 'कस्टम'. वरचे रेडीमेड नमुने सोडून द्या, दुसरी अनुक्रमणिका घालायच्या वेळी ते पहिलीच्या उरावर बसतात. कस्टमने दुसरी घालायला गेलात की वर्ड विचारतो, आधीची आहे ती बदलू का? इथे शंभरातले नव्वद लोक घाबरून कॅन्सल करतात किंवा यस म्हणतात आणि पहिली घालवून बसतात. तिथे 'नो' म्हणायचं. नो म्हटलं की पहिली तशीच राहते आणि कर्सर जिथे होता तिथे दुसरी येते. बहुतेकांचं घोडं या एका 'नो'पाशी अडलेलं असतं. त्याच खिडकीत लेव्हल्स, म्हणजे शीर्षकांच्या किती पातळ्या दाखवायच्या ते, कमी-जास्त केल्या की एकाच प्रबंधात पुढे एक पानाची संक्षिप्त, फक्त प्रकरणांची नावं, आणि तिच्यामागे चार पानांची सविस्तर, अशा दोन ठेवता येतात.

प्रकरणवार हवी असेल तर मात्र थोडं आत हात घालावा लागतो. अख्खं दुसरं प्रकरण सिलेक्ट करायचं, इन्सर्टमध्ये जाऊन बुकमार्क, म्हणजे त्या भागाला घातलेली खूण, त्याला नाव द्यायचं, मी इंग्रजी अक्षरांत 'प्रक' आणि पुढे दोनचा आकडा असं देते, मधे स्पेस चालत नाही. मग प्रकरणाच्या डोक्यावर अनुक्रमणिका घालायची, 'नो' म्हणायचं, आणि ऑल्ट धरून एफ-नाईन दाबायचं. दाबलं की अनुक्रमणिका गायब होऊन तिथे महिरपी कंसात एक ओळ दिसते, टी-ओ-सी आणि पुढे काहीबाही. घाबरू नका, तो आपल्या अनुक्रमणिकेचा सांगाडा आहे. त्यात ओ या अक्षरापुढे अवतरणात एक ते तीन असेल ते दोन ते तीन करायचं, म्हणजे प्रकरणाचं नाव परत येत नाही, आणि शेवटी उलटी तिरकी रेघ, बी हे अक्षर, स्पेस, आणि आपल्या बुकमार्कचं नाव. परत ऑल्ट एफ-नाईन, मग त्याच्यावर क्लिक करून नुसतं एफ-नाईन. आता ती अनुक्रमणिका फक्त त्या बुकमार्कच्या आतलीच शीर्षकं उचलते. सात प्रकरणांना सात वेळा, पाऊण तासाचं काम, तेही चहा पीत पीत.

तक्त्यांचं आणि नकाशांचं त्याहून सोपं. तक्त्याखाली हाताने 'तक्ता क्र. २.३' लिहायचं नाही, रेफरन्सेसमधून इन्सर्ट कॅप्शन घ्यायचं, तिथे 'न्यू लेबल' म्हणून बटण आहे, त्यात तक्ता, नकाशा, छायाचित्र अशी आपली मराठी लेबलं एकदा बनवून ठेवायची. मग त्याच्याच शेजारच्या 'इन्सर्ट टेबल ऑफ फिगर्स'मध्ये लेबल निवडलं की प्रत्येकाची स्वतंत्र यादी. मधे एक नवा तक्ता घुसवला तर फाईल अपडेट केली की पुढच्या सगळ्यांचे नंबर आपोआप सरकतात. परिशिष्टांना मी 'परिशिष्ट' नावाची वेगळीच स्टाईल करते आणि कस्टमच्या खिडकीतल्या ऑप्शन्समध्ये फक्त तिच्यापुढे १ हा आकडा घालते, बाकीच्यांचे आकडे पुसून टाकते, म्हणजे त्या यादीत परिशिष्टं सोडून कुणी येत नाही.

सगळं गोड नाहीये हेही सांगते. तक्ते-नकाशांच्या याद्या सोडल्या तर या सगळ्या अनुक्रमणिका दिसायला एकाच साच्यातल्या असतात, कारण त्या टीओसी वन, टू, थ्री या त्याच स्टाईली वाटून वापरतात, मुख्यमधली दुसऱ्या पातळीची ओळ आत ढकलली की प्रकरणवारमधलीही आत जाते. आणि बुकमार्कचं एक लफडं आहे, माझ्याच हातून सरांच्या पाचव्या प्रकरणात झालं. शेवटचा 'समारोप' मी नंतर खाली टाईप केला तो बुकमार्कच्या बाहेर पडला, मुख्य अनुक्रमणिकेत समारोप दिसतोय आणि प्रकरणाच्या अनुक्रमात नाही. नशीब सरांच्या बायकोने वाचताना पकडलं. प्रकरण पुन्हा पूर्ण सिलेक्ट करून त्याच नावाने बुकमार्क परत अ‍ॅड केला की दुरुस्त होतं, आणि फाईल मेनूतल्या ऑप्शन्समधल्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये 'शो बुकमार्क्स'ला टिक केली तर करड्या चौकोनी कंसात बुकमार्कची हद्द दिसत राहते, तेव्हापासून मी ती टिक काढतच नाही. वर्डसारखंच पण फुकटचं लिबरऑफिस वापरणाऱ्यांना हे बुकमार्कचं काहीच करावं लागत नाही, तिथे अनुक्रमणिकेच्या खिडकीत अख्ख्या डॉक्युमेंटची का फक्त या चॅप्टरची असं सरळ विचारतात, चॅप्टर निवडलं की झालं. वर्डवाल्यांनी एवढ्या वर्षांत ते का घेतलं नाही हे मला पडलेलं कोडं आहे.

तर त्या गुरुवारी रात्री अकराच्या सुमारास आमच्या बारा अनुक्रमणिका लागल्या आणि तेवढ्यात सरांच्या गाईडचा फोन, दुसऱ्या प्रकरणात दोन परिच्छेद आणि एक तक्ता वाढवा. सरांचा चेहरा पडला, त्यांना वाटलं आता सोमवार हुकला. मी मजकूर टाकला, तक्त्याला कॅप्शन दिलं, कंट्रोल ए, एफ-नाईन. वर्ड प्रत्येक अनुक्रमणिकेसाठी विचारत गेला, नुसते पान नंबर बदलू का पूर्ण यादी, मी पूर्ण पूर्ण पूर्ण करत बारा वेळा एंटर मारलं. मग परत एकदा तेच, कारण एखादी अनुक्रमणिका स्वतःच एका ओळीने वाढून पुढच्या पानावर गेली तर मागचे आकडे पुन्हा हलतात, म्हणून दोनदा करायची माझी सवय. दोन मिनिटं लागली असतील. सर म्हणाले, मॅडम, मग मी गेले पंधरा दिवस काय करत होतो?

त्यांना काय उत्तर देणार. त्यांच्याकडे कॉम्प्युटर कोर्सचं सर्टिफिकेट आहे, माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ सगळ्यांकडे असतं. वर्डमध्ये लग्नपत्रिका करता येते, बायोडेटा करता येतो, दोनशे पानांची फाईल कशी सांभाळायची हे कुणी दाखवलेलं नसतं. आणि माझ्या पाहण्यातल्या विद्यापीठांच्या प्रबंध-नियमावल्या बघा, डावीकडे समास किती, दोन ओळींत अंतर किती, बाइंडिंगचा रंग कुठला, सोनेरी अक्षरं कुठे, सगळं तपशीलवार. अनुक्रमणिकेबद्दल एक शब्द, 'अनुक्रमणिका'. मग एका गाईडला एक हवी, दुसऱ्याला बारा हव्या, आणि विद्यार्थी मधल्या मधे.

म्हणून या पत्रातून विद्यापीठांकडे माझं एकच मागणं आहे, नियमावलीची पीडीएफ देता ना, तिच्या सोबत एक कोरी वर्ड फाईल आणि एक लिबरऑफिसची फाईल द्या. त्यात हेडिंगच्या स्टाईली मराठी युनिकोडमध्ये लावून ठेवलेल्या, तक्ता-नकाशाची कॅप्शनं बनवलेली, मुख्य अनुक्रमणिका आणि एका नमुना प्रकरणाची अनुक्रमणिका आधीच घातलेली, सुरुवातीच्या पानांना रोमन आकडे आणि प्रकरणापासून साधे आकडे असे भाग पाडलेले. विद्यार्थ्याने पहिल्या दिवसापासून त्यातच लिहायचं. एका जाणकार माणसाचं दोन दिवसांचं काम आहे हे, निधी लागत नाही, समिती लागत नाही. पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये दोन तास यासाठी ठेवले तर फारच छान. माझा धंदा कमी होईल म्हणता? होऊ दे, रात्री एकला शटर ओढून घरी जायचं वय राहिलं नाही माझं.

आपली नियमित वाचक,
एक डीटीपीवाली,
पुणे ३०

ता. क. बाइंडिंगला देण्याआधी पीडीएफ करा आणि त्यात 'एरर' हा शब्द इंग्रजीत शोधा. एखादं शीर्षक उडवलं असेल आणि नुसते पान नंबर अपडेट केले असतील तर अनुक्रमणिकेत पान नंबराच्या जागी 'एरर! बुकमार्क नॉट डिफाइन्ड' असं ठळक छापलं जातं. एका प्रबंधात ते सोनेरी बाइंडिंगसकट पाच प्रतींमध्ये गेलं होतं, व्हायवाच्या दिवशी बाहेरच्या परीक्षकांनी पहिलं पान उघडलं आणि तेच वाचून दाखवलं.